डावीकडे ओढणारा कब: थ्रस्ट लाईनचं एक प्रकरण

रिमोटवर उडणारं मॉडेल विमान पडलं तो फेब्रुवारीतला रविवार होता. सासवडच्या पुढचा माळ, सकाळचे साडेआठ, वारा नावाला. पोरगा उतरायला आला, पट्टी हुकतेय असं दिसलं म्हणून त्याने लँडिंग सोडलं आणि थ्रॉटल एकदम पूर्ण पुढे ढकलला. नाक वर आलं, डावा पंख झुकला. त्याने स्टिक उजवीकडे मारली तर पंख सावरायच्या ऐवजी आणखी खाली गेला, टोक मातीत घासलं आणि विमान गर्रकन फिरून बसलं. नुकसान तसं थोडक्यात निभावलं: प्रॉपचे (पुढच्या पंख्याचे) दोन तुकडे, डावीकडचा लँडिंग गिअर वाकलेला, पंखाच्या टोकाच्या दोन रिब्ज (आतल्या फासळ्या) गेलेल्या.

माळावर असं काही झालं की निकाल लगेच लागतो. कोणी म्हणालं स्टॉल झालं (वेग उतरून पंखाची उचल गेली), कोणी म्हणालं पोराने एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारं शेपटीचं पातं) ओढला, एकाने जायरो (विमान आपोआप सावरणारं उपकरण) बसवायचा सल्लाही दिला. ज्यांचं विमान ते काका (सगळेच त्यांना काका म्हणतात, उभी हयात टूलरूममध्ये गेलेला माणूस) वाकलेला पाय हातात घेऊन बसले होते. थोड्या वेळाने म्हणाले, "इंजिन दिलं की डावीकडे जायचं, हे आजचं नाही. दीड वर्ष चाललंय. आपण फक्त त्याच्यावर पांघरुणं घालत आलो."

तिथून हे प्रकरण सुरू झालं. पुढचा दीड महिना आम्ही तिघांनी, म्हणजे काका, तो इंजिनिअरिंगला असलेला पोरगा आणि मी, त्या विमानाचं इंजिन किती अंश उजवीकडे आणि किती खाली वळवून बसवायचं, म्हणजे प्रॉपच्या ओढीची रेषा (थ्रस्ट लाईन) कुठून जायला हवी, तो कोन शोधण्यात घालवला.

विमान म्हणजे पायपर जे-३ कबचं पावपट मॉडेल. मूळ कबच्या पंखाची लांबी १०.७४ मीटर, याची २.६९. पंखाची रुंदी ४०० मिलिमीटर, वजन पेट्रोल सोडून साडेनऊ किलो. काकांनी ते प्लॅनवरून बांधलं तेव्हा त्यात २६ सीसीचं इंजिन आणि १८×६ चा प्रॉप होता. दीड वर्षापूर्वी त्या इंजिनाचं बेअरिंग गेलं आणि काकांनी ३५ सीसीचं इंजिन बसवलं, २०×८ च्या प्रॉपसकट. डावीकडे ओढायची तक्रार बरोबर तेव्हापासूनची. हे कळायला आम्हाला दीड वर्ष लागलं, कारण नवीन इंजिनाचा जोर बघून सगळे खूष होते.

जोर किती, याचा हिशोब करून बघण्यासारखा आहे. खऱ्या जे-३ मध्ये ६५ अश्वशक्तीचं इंजिन असायचं आणि जास्तीत जास्त वजन ५५३ किलो. म्हणजे किलोमागे ०.१२ अश्वशक्ती. काकांच्या मॉडेलमध्ये चार अश्वशक्ती आणि साडेनऊ किलो, म्हणजे किलोमागे ०.४२. साडेतीन पट. तेव्हा "खऱ्या विमानात एवढा कोन नसतो" हा जो मुद्दा काही जण मांडतात, त्यात दम नाही. खऱ्या विमानात एवढं इंजिनही नसतं, शिवाय वैमानिकाचे पाय रडरवर (नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीच्या उभ्या पात्यावर) असतात.

डावीकडे ओढण्याची कारणं बहुतेकांना माहीत असतात, पण ती कधी लागू होतात हे विसरलं जातं. प्रॉप मागून बघताना घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, त्यामुळे अंगाला उलटा, म्हणजे डावीकडचा पीळ बसतो. प्रॉपची हवा अंगाभोवती गुंडाळत मागे जाते आणि फिनवर (शेपटीच्या उभ्या पंखावर) डावीकडून आपटते. शेपूट उजवीकडे, नाक डावीकडे. नाक वर असेल तर खाली येणारं, म्हणजे उजवीकडचं पातं जास्त हवा कापतं. पुन्हा नाक डावीकडे. आणि टेकऑफच्या धावेत शेपूट उचलली जाते त्या क्षणी प्रॉप भोवऱ्यासारखा वागतो. तेव्हाही नाक डावीकडेच. या चारही गोष्टींना एकच परिस्थिती सगळ्यात लाभते: वेग कमी, थ्रॉटल पूर्ण. लँडिंग सोडून वर जाताना नेमकी तीच असते.

आता पांघरुणांबद्दल. रिमोट उघडून बघितला तेव्हा दीड वर्षाचा इतिहास त्यात साठलेला होता. रडरला कायमचा उजवा ट्रिम (स्टिक सोडली तरी राहणारा कल), मोजला तर पात्याच्या मागच्या कडेला चार मिलिमीटर. एलेव्हेटरला खाली दोन सूत ट्रिम. थ्रॉटल वाढला की उजवा रडर जावा म्हणून एक मिक्स, आणि थ्रॉटल वाढला की एलेव्हेटर खाली जावा म्हणून दुसरा. पोराने सेटिंग मन लावून केलं होतं, उडताना विमान सरळही जायचं. पण मिक्स काय करतो? थ्रॉटलच्या जागेवरून रडरला ठरावीक हालचाल देतो. विमान किती वेगात आहे हे त्याला कुठे माहीत असतं? चांगल्या वेगात बसवलेला मिक्स चांगल्या वेगातच पुरतो. कमी वेगात तोच रडर लुळा पडतो आणि प्रॉपची ओढ मात्र तेव्हाच सगळ्यात मोठी असते.

त्या दिवशी पोराचं काय चुकलं, तेही याच ओघात सांगतो, कारण चुकलं म्हणण्यापेक्षा हाताने सवयीने केलं. डावा पंख झुकला म्हणून त्याने एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची, विमान कलतं करणारी पाती) उजवीकडे दिला. एलेरॉन उजवीकडे म्हणजे डाव्या पंखाचं पातं खाली. कबच्या लांब सरळ पंखात खाली गेलेलं पातं भरपूर ड्रॅग करतं, नाक आणखी डावीकडे ओढतं आणि आधीच स्टॉलच्या काठावर असलेलं पंखाचं टोक काठावरून ढकलून देतं. तिथे उजवा रडर हवा होता. पण रडर ट्रिममध्ये आणि मिक्समध्ये बांधलेला असल्यामुळे त्याच्या अंगठ्याला रडरची सवयच राहिली नव्हती.

दुरुस्ती आटोपल्यावर विमान काकांच्या गच्चीवरच्या खोलीत टेबलावर ठेवलं आणि काहीही न बदलता फक्त मोजायचं ठरवलं.

मोजायची सगळ्यात खात्रीची पद्धत सगळ्यात साधी आहे. रडरच्या बिजागरीच्या रेषेवर, बरोबर मध्यावर एक टाचणी टोचली. आधी टाचणीपासून दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंत स्टीलची टेप लावून बघितलं. दोन मिलिमीटरचा फरक, म्हणजे पंख चौकोनात बसलेला. फिन सरळ आहे ना, ते दोरा ताणून पाहिलं. मग प्रॉपच्या एका पात्याच्या टोकावर मार्करने ठिपका दिला. पातं उजवीकडे आडवं केलं आणि टाचणीपासून ठिपक्यापर्यंत मोजलं. मग तेच पातं डावीकडे फिरवून पुन्हा मोजलं. तेच पातं, हे महत्त्वाचं. दोन पाती दोन मोजमापांना वापरली की पात्यांतला फरक आपल्या कोनात मिसळतो. (आणि हे करताना स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवायची, इग्निशनची बॅटरी तोडायची. पेट्रोल इंजिन हाताने फिरवताना "बंद आहे" यावर विसंबायचं नाही.)

वीस इंची प्रॉप म्हणजे ५०८ मिलिमीटर. एक अंशाला उजव्या आणि डाव्या मापात जवळजवळ नऊ मिलिमीटरचा फरक पडतो. एवढी मोठी पट्टी फुकटात मिळत असताना लोक मोबाईलवरच्या ॲपने कोन मोजतात याचं मला नवल वाटतं. आमचा फरक आला तीन मिलिमीटर. म्हणजे राईट थ्रस्ट (इंजिनाचा उजवीकडचा कोन) एक तृतीयांश अंश, जवळजवळ शून्यच.

काका ऐकेनात. "मी दोन अंश ठेवला होता. प्लॅनमध्ये दोन होता, मी दोनच ठेवला." दोनदा स्वतः मोजलं, पुन्हा तीनच. मग ते टॉर्च घेऊन नाकापाशी वाकले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

प्रॉपचा हब (मधला गाभा) काउलच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) पुढच्या भोकात मध्यावर नव्हता. चांगला पाच मिलिमीटर डावीकडे होता. विमानाकडे दीड वर्ष शंभर लोकांनी बघितलं असेल, आम्ही तर दर रविवारी, पण प्रत्येकाला वाटलं काउल जरा वाकडा बसलाय.

उलगडा माळ्यावरच्या खोक्यात झाला. जुनं इंजिन तेलकट फडक्यात गुंडाळून ठेवलेलं होतं आणि त्याच्या माउंटला मागून अजूनही चिकटलेली होती बीच प्लायची एक पाचर, एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला पातळ. दोन अंशांची. काकांनीच बारा वर्षांपूर्वी घासून केलेली. नवीन इंजिन बसवताना ते नवीन अ‍ॅल्युमिनियमच्या स्टँडऑफवर (इंजिन पुढे धरणाऱ्या खुंट्यांवर) थेट फायरवॉलला (इंजिनामागच्या लाकडी भिंतीला) बसवलं गेलं, पाचर जुन्या माउंटबरोबर खोक्यात गेली. आणि नवी भोकं पाडायला मध्य कुठला धरला? फायरवॉलवर पेन्सिलने आखलेली जुनी फुली. ती फुली मुद्दाम सहा मिलिमीटर डावीकडे घेतलेली होती, कारण इंजिन उजवीकडे वळलं की हबही उजवीकडे सरकतो, आणि तो शेवटी मध्यावर यावा म्हणून सुरुवात डावीकडून करावी लागते. कोन गेला, सरकवलेली फुली राहिली.

काकांनी पाचर हातात घेतली, पुसली आणि म्हणाले, "लाव हिलाच. झालं."

मी नको म्हटलं, आणि इथे आमचा छोटासा वाद झाला. माझं म्हणणं असं की थ्रॉटलबरोबर जे बदलतं तेवढंच इंजिनाच्या कोनाचं. इंजिन आयडलवर (सगळ्यात मंद) असतानाही जे होतं ते कोनाचं नाही, आणि ते आधी निस्तरल्याशिवाय कोन बसवायला गेलो तर आपण आणखी एक पांघरूण घालू. काकांना हे पटलं ते माझ्या युक्तिवादाने नाही, टेबलावर सीजी (विमानाचा गुरुत्वमध्य) तपासला तेव्हा.

सीजी पंखाच्या पुढच्या कडेपासून ९२ मिलिमीटरवर निघाला. ४०० च्या रुंदीत २३ टक्के. प्लॅनमध्ये ३० च्या आसपास होता. नवीन इंजिन जड, त्याचा सायलेन्सर जड, आणि मागे काहीच सरकवलं नव्हतं. नाकजड विमान शांत वाटतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण असं विमान वेगाच्या बाबतीत फार हट्टी असतं: ठरलेल्या वेगापेक्षा जरा जोरात गेलं की नाक वर काढतं. मग थ्रॉटल दिल्यावर नाक वर जातं त्यातलं इंजिनाच्या ओढीचं किती आणि वाढलेल्या वेगाचं किती, हे कसं ओळखणार?

रिसीव्हरच्या दोन बॅटऱ्या मिळून ३२० ग्रॅम. त्या फायरवॉलमागून काढून ७०० मिलिमीटर मागे नेल्या. तीनशे वीस गुणिले सातशे, भागिले साडेनऊ हजार: साडेतेवीस मिलिमीटर. मोजलं तर सीजी ११५ वर आला. इग्निशनची बॅटरी मात्र पुढेच ठेवली. तिच्या वायरी रिसीव्हरपासून जितक्या लांब तितक्या बऱ्या. डावा पंख किंचित जड होता, त्यासाठी उजव्या टोकात थोडं शिसं.

दरवाज्याखालच्या लाँजेरॉनला (अंगाच्या लांबीभर जाणाऱ्या दांड्याला) शून्य धरून बाकीचे कोनही मोजून लिहिले: पंख अडीच अंश वर, स्टॅबिलायझर (शेपटीचा आडवा पंख) शून्य, इंजिन एक अंश खाली. तो एक अंश फायरवॉल बांधतानाच तिरकी घेतल्यामुळे शाबूत राहिला होता. सीजी मागे गेल्यावर पंख आणि शेपटीतला अडीच अंशांचा फरक जास्त ठरणार होता, म्हणून स्टॅबिलायझरच्या पुढच्या बोल्टखाली तीन मिलिमीटरची प्लायची पट्टी घातली. खऱ्या कबमध्ये वैमानिक पिच ट्रिम करतो तेव्हा हेच होतं, आख्खा स्टॅबिलायझर पुढून वरखाली होतो. आम्ही ते एकदाच आणि पाना घेऊन केलं.

मग रिमोटमधले दोन्ही मिक्स काढले. सगळे ट्रिम शून्यावर. पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पहिली फेरी मीच उडवली, कारण पोरगा घाबरला होता आणि खरं सांगायचं तर मीही. जमिनीवर विमान अपेक्षेप्रमाणे डावीकडे ओढलं, रडरने धरून ठेवलं. शंभर मीटरवर नेऊन थ्रॉटल आयडलवर आणला आणि रडरवरून बोट काढलं. विमान सरळ घसरत आलं. चार मिलिमीटर उजवा ट्रिम ज्याला लागायचा त्याच विमानाला इंजिन शांत असताना ट्रिमच लागत नव्हता. म्हणजे तो ट्रिम इंजिनाचं काम करत होता आणि लँडिंगच्या घसरणीत, जिथे त्याची गरज नव्हती, तिथे विमानाला वाकडं उडवत होता. जुन्या लँडिंगमध्ये कायम उजवीकडे जाण्याची जी खोड होती ती एवढीच.

मग कोन. चाचणीपुरती पाचर घातली नाही, वॉशर वापरले, कारण वॉशर अर्ध्या तासात बदलता येतात. आमच्या इंजिनाच्या बोल्टांमधलं अंतर आडवं ६० आणि उभं ६० मिलिमीटर. साठ मिलिमीटरवर एक अंश म्हणजे १.०५ मिलिमीटर, आणि एम-५ चा साधा वॉशर एक मिलिमीटरचा असतो. हिशोब सोपा: एका बाजूच्या दोन्ही बोल्टांमागे एकेक वॉशर म्हणजे एक अंश. फक्त वॉशर कॅलिपरने मोजून घ्यायचे. आमच्या पुडीत पाऊण मिलिमीटरचेही निघाले. इंजिन उजवीकडे वळवायचं तर वॉशर डाव्या बोल्टांमागे, खाली वळवायचं तर वरच्या बोल्टांमागे. डावं-उजवं नेहमी विमानात बसून पुढे बघतोय असं धरून. हे सांगायची गरज नसावी, पण मी स्वतः एकदा नाकासमोर उभा राहून उलट बाजूला वॉशर घातलेले आहेत.

आधी डावीकडे दोन-दोन, म्हणजे राईट थ्रस्ट २.३ अंश. चाचणी अशी: विमान आपल्यापासून लांब, सरळ वाऱ्यात जाताना पंख समतल करायचे, पूर्ण थ्रॉटल, एलेव्हेटरने साठेक अंशांची चढाई, आणि रडर-एलेरॉनला हात लावायचा नाही. वारा बाजूने असला तर बघूच नये. विमान वाऱ्याने वाहतंय की नाक वळतंय ते खालून कळत नाही. उडवणारा वेगळा, बघणारा वेगळा. काका माझ्या पाठीमागे खुर्ची टाकून बसायचे आणि फक्त नाक बघायचे. कबला डायहेड्रल आहे (पंखांची टोकं मध्यापेक्षा किंचित वर), त्यामुळे नाक वळलं की लगोलग पंखही झुकतो आणि डोळा पंखाकडेच जातो. काका प्रत्येक वेळी ओरडायचे, "पंख नको, नाक बघ!"

आधी शून्याच्या आसपास असताना नाक दोन सेकंदांत स्पष्ट डावीकडे गेलं होतं. आता तीन चढायांत दोनदा किंचित डावीकडे, एकदा सरळ. अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याच्या चकत्या कापून आणखी घातल्या, २.८ अंश. पाच चढाया, पाचही सरळ. तिथे थांबलो. आणखी अर्धा अंश देऊन बघू असा मोह झाला होता, पण चढाई हा जोराचा आणि चांगल्या वेगाचा प्रसंग असतो. तिथे उजवीकडे जाईल इतका कोन दिला तर सरळ उडताना डावा रडर लागेल.

खालचा कोन, डाऊन थ्रस्ट, त्याने जास्त छळलं. कबचा पंख डोक्यावर, ड्रॅगही वर, आणि प्रॉपची ओढ खाली. थ्रॉटल दिला की नाक वर येणारच. शिवाय वेग वाढला की लिफ्ट वाढते, नाक पुन्हा वर. पहिलं तात्काळ होतं, दुसरं सावकाश. हे दोन वेगळे करायला आमच्याकडे एकच साधन होतं, तोंडाने मोजणं. अर्ध्या थ्रॉटलवर समतल ट्रिम करायचं, थ्रॉटल झटक्यात आयडलवर ओढायचा आणि "एक हजार एक" म्हणायचं. तेवढ्यात नाक जे करेल ते थ्रस्टचं. त्यानंतरचं सगळं वेगाचं. उलटही करायचं, अर्ध्यावरून पूर्ण.

एक अंशावर असताना थ्रॉटल ओढला की "एक हजार" म्हणेपर्यंत नाक खाली डुलायचं. वरच्या बोल्टांमागे एकेक वॉशर, दोन अंश: डुलणं निम्मं. आणखी एकेक, तीन अंश: थ्रॉटल ओढल्यावर नाक एक क्षण जिथल्या तिथे, मग वेग उतरल्यावर हळूहळू खाली. पूर्ण थ्रॉटलवर विमान अजूनही चढतं, पण सावकाश, आणि ते चढायलाच हवं. काही जण डाऊन थ्रस्ट इतका वाढवतात की पूर्ण थ्रॉटलवरही विमान समतल राहतं. ते कागदावर छान दिसतं. मला ते आवडत नाही. लँडिंग सोडताना मला नाक दाबणारं इंजिन नको असतं. काकांचं मत वेगळं आहे आणि त्यांचं विमान आहे, पण तीन अंशांवर दोघांचं जमलं.

या सगळ्यात शेवटी वरच्या डाव्या बोल्टामागे साडेचार मिलिमीटर वॉशर जमले होते, वरच्या उजव्यामागे दोन, खालच्या डाव्यामागे अडीच, खालच्या उजव्यामागे काही नाही. असं कायमचं उडवणं म्हणजे अपघाताला बोलावणं. तिरक्या स्टँडऑफला सपाट वॉशर फक्त कडेवर टेकतो, बोल्ट वाकून बसतो, आणि एका सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाचा थरथराट सुटे वॉशर आठवड्यात सैल करतो. एका बोल्टाचा ताण तीन फेऱ्यांनंतरच उतरलेला सापडला होता.

म्हणून पक्की पाचर करायची ठरली, आणि इथे मी एक चूक करता करता वाचलो. तीन अंश डाऊन थ्रस्टमुळे हब काउलच्या भोकात साडेपाच मिलिमीटर खाली दिसत होता. उजवीकडे फक्त दोन मिलिमीटर सरकलेला, कारण जुनी फुली आता बरोबर कामाला आली होती. साहजिक विचार असा की भोकं साडेपाच मिलिमीटर वर घेऊ, कोन तोच ठेवू, हब मध्यावर येईल. मी पाडायला खुणाही केल्या. काकांनी विचारलं, "अख्खं इंजिन वर घेतलंस तर ओढायची रेषा सीजीच्या तेवढीच वरून नाही का जाणार?"

बरोबर होतं. सीजी फायरवॉलपासून २८५ मिलिमीटर मागे, हब फायरवॉलपासून १६५ पुढे. तीन अंशांची रेषा फायरवॉलपासून मागे सीजीपर्यंत जाईतो पंधरा मिलिमीटर वर चढते, फुली मध्यापेक्षा तीन वर होती, ते धरून अठरा. इंजिन साडेपाचने उचललं तर साडेतेवीस. नाक खाली दाबणारा जोर जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने वाढला असता आणि आम्ही माळावर जाऊन म्हणालो असतो, वॉशरवर तर छान उडत होतं! हब मध्यावर ठेवून तोच अठराचा आकडा मिळवायला कोन २.३ अंशच पुरतो. म्हणून पाचर २.३ अंश खाली आणि २.८ उजवीकडे अशी ठरली. फायरवॉल स्वतः एक अंश खाली बघत होती, तेव्हा पाचरीत खालचा कोन १.३ अंशांचाच द्यायचा होता.

ती काकांच्या जुन्या सहकाऱ्याने मिलिंगवर अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पट्टीतून कापून दिली; पैसे घेतले नाहीत, विमान उडताना बघायला येईन म्हणाला. फायरवॉलचं लाकूड तेलाने जरा मऊ झालं होतं, म्हणून पाचरीखाली ग्लास-इपॉक्सीची दोन मिलिमीटरची पट्टी दिली. जुनी भोकं डॉवेल आणि इपॉक्सीने बुजवून नवी पाडली. बोल्टांना निळं लॉकटाईट. मग टाचणी, टेप, ठिपका: फरक पंचवीस मिलिमीटर. काकांनी कॅलिपरकडे बघावं तसं टेपकडे बघितलं आणि म्हणाले, "असू दे."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शेवटची चाचणी झाली. आधी साठ मीटर उंचीवर, उतरण्याच्या वेगात, नाक वर, आणि एकदम पूर्ण थ्रॉटल. तीनदा. मग खाली, खऱ्या पट्टीवर, चाकं जमिनीपासून दोन मीटरवर असताना. पोरगाच उडवत होता. विमान वर गेलं. डावीकडे ओढलंच नाही असं मी म्हणणार नाही. एवढ्या कमी वेगात आणि एवढ्या जोरात कुठलाही ठरावीक कोन पूर्ण पुरत नाही, थोडा उजवा रडर द्यावाच लागला. पण तो त्याने दिला. आपल्याकडच्या बहुतेक रिमोटवर थ्रॉटल आणि रडर एकाच डाव्या स्टिकवर असतात, आणि त्या दिवशी त्याचा अंगठा सरळ वर न जाता तिरका, उजव्या कोपऱ्याकडे गेलेला मी शेजारून पाहिला.

बॅटरीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला काकांनी पांढऱ्या पेंटमध्ये आकडे लिहून ठेवलेत: सीजी ११५, उजवा २.८, खाली २.३, टोकाचा फरक २५. त्याच्या खाली, जरा लहान अक्षरात: फुली जुनी आहे, विचारून भोक पाड.